रानातले मटण, गावातले ताट

“रविवारी फार्महाउसवर या. गावाकडून ‘रानातले’ येणार आहे.” पुण्यात असे निमंत्रण अधूनमधून कानावर येते. बोलणारा आवाज जरा खाली आणतो, कारण ‘रानातले’ म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक असते. कधी रानडुक्कर, कधी ससा, कधी भेकर. खाणाऱ्याला त्यात गावाकडची मजा वाटते. ब्रॉयलर कोंबडीपेक्षा हे मांस ताकदीचे, असेही कुणीतरी ठासून सांगतो. ते कुठून आले, मिळवणाऱ्याच्या हाती काय पडले आणि खाणाऱ्याच्या पोटात नेमके काय गेले, हे मात्र कुणी विचारत नाही.

हे तीनही प्रश्न पुण्यापासून फार लांबचे नाहीत. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेले भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. शेकरूसाठी ते प्रसिद्ध आहे, पण त्याच्या आत आणि काठावर महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी कुटुंबेही राहतात. उताराच्या खाचरांत भात, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरई, हंगामात बाळहिरडा गोळा करून मिळणारी रोकड, उरलेले महिने मजुरी, असा इथला संसार. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने आंबेगाव आणि जुन्नर भागातल्या हिरड्याला तडाखा दिला, तेव्हा अनेक घरांचे रोख उत्पन्नच गेले. जंगलाच्या काठावरचे उत्पन्न किती नाजूक असते, ते अशा वेळी कळते. रानातल्या मांसाचा प्रश्न या संसाराबाहेर काढून पाहिला, तर तो समजत नाही.

कायदा काय म्हणतो?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार, किंवा अभयारण्यात केलेली कोणतीही शिकार, तीन ते सात वर्षांच्या कैदेला पात्र आहे आणि दंड किमान २५ हजार रुपये आहे. घोरपड आणि खवले मांजर पहिल्या अनुसूचीत येतात. मारणाराच दोषी, असेही नाही. असे मांस विकत घेणे किंवा स्वीकारणे हाही गुन्हाच. म्हणजे फार्महाउसवरचा पाहुणा कायद्याच्या कक्षेबाहेर नसतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना गौण वनोपजावर आणि परंपरेने वापरात असलेल्या इतर अनेक गोष्टींवर हक्क दिला, पण शिकार आणि सापळे लावणे स्पष्टपणे वगळले. त्याच कायद्याने पाणवठ्यातले मासे आणि इतर उत्पादन यांवरचा सामूहिक हक्क मात्र मान्य केला. ही तरतूद लक्षात ठेवायला हवी. पुढे ती कामाला येणार आहे.

तीन जमाती, तीन प्रकारची शिकार

पश्चिम महाराष्ट्रात शिकारीवर जगणारे समाज होते. त्यांचा अभ्यास कैलाश मल्होत्रा, एस. बी. खोमणे आणि पुण्याचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी केला आणि १९८३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. फासेपारधी, नंदीवाले आणि वैदू हे तीन भटके समाज एकाच मुलुखात फिरत, पण प्रत्येकाची शिकार आणि ती करण्याची रीत निराळी होती. फासेपारधी फास लावून काळवीट, तितर, लावे धरत. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड मिळवत. वैदू मुंगूस, उदमांजर यांसारखे छोटे मांसभक्षक आणि ओढ्यातली कासवे, खेकडे पकडत. एकाच्या हक्काच्या प्राण्यावर दुसरा सहसा हात टाकत नसे. त्यामुळे आपला प्राणी पुढेही टिकावा यात ज्याचे त्याचे हित होते, अशी मांडणी गाडगीळ आणि मल्होत्रा यांनी केली.

ही घडी आता राहिलेली नाही. माळराने नांगराखाली आली, काही प्लॉट पाडून विकली गेली आणि काळवीट मोजक्या ठिकाणी उरले. पारध्यांसारख्या समाजांवर इंग्रजी अमलातल्या १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनातून पूर्ण पुसलेला नाही. म्हणून एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आज फास लावणारा माणूस अमुक जमातीचाच असतो, असे समजणे चूक आहे. त्यात बागायतदार असतो, हौशी शिकारी असतो, मांस विकून पैसे करणारा असतो आणि पीक गमावलेला अल्पभूधारकही असतो. प्रत्येकाचे कारण वेगळे, त्यामुळे प्रत्येकावरचा उपायही वेगळा.

राखणीची रात्र

अल्पभूधारकाचे कारण आधी पाहू. भात किंवा नाचणी पोटरीत आली, की रानडुकरांचा कळप उतरतो. तो खातो थोडे आणि तुडवतो, उकरतो फार. मग शेतकरी माळ्यावर बसून रात्रभर डबे वाजवतो, जाळ करतो, बॅटरी मारतो. दिवसा मजुरी आणि रात्री राखण अशी दोन-दोन महिने झोपमोड होते. पिकाच्या नुकसानीत या झोपेचा हिशेब कुठेच लागत नाही.

पिकाचा हिशेब तरी नीट लागतो का? पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या पश्चिम सीमेवर तो मोजून पाहिला. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलाच्या कडेला नुकसान सर्वाधिक आणि अंतर वाढेल तसे कमी, हे अपेक्षितच होते. महत्त्वाची गोष्ट दुसरी. जनावरे पुन्हा पुन्हा येऊन थोडे थोडे खातात, आणि डोळ्यांनी अंदाज घेऊन केलेल्या पंचनाम्यात या हळूहळू झालेल्या नुकसानीचा मोठा भाग दिसतच नाही. एका रात्रीत शेत भुईसपाट झाले तर पंचनामा होतो. तीन महिन्यांत निम्मे गेले, तर शेतकऱ्याला ते सिद्ध करता येत नाही.

पीक नासवणाऱ्या रानडुकराला मारण्याची परवानगी कायद्याने मिळू शकते. पण अशा परवानगीने मारलेले जनावर सरकारी मालमत्ता असते, ते घरी नेता येत नाही. शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. पीक गेले, भरपाई अपुरी, परवानगीसाठी हेलपाटे आणि हाती काहीच नाही. दुसरीकडे दुचाकीच्या क्लचची जुनी तार जवळपास फुकट मिळते, आणि फासात डुक्कर सापडले तर पीकही वाचते आणि घरात कालवणही होते. पुन्हा शहराकडून मागणी असेल, तर वर पैसेही. या हिशेबाला केवळ धाक दाखवून उत्तर मिळत नाही.

फासाला निवड करता येत नाही

तरीही फास वाईटच, आणि त्याचे कारण जीवशास्त्रात आहे. रानडुकराची मादी एका वेतात चार-सहा पिल्ले देते. चारा आणि लपायला ऊस असेल, तर कळप पाहता पाहता भरून येतो. भेकराला बहुधा एकच पाडस होते. खवले मांजरालाही एका वेळी साधारण एकच पिल्लू होते. त्यामुळे तितक्याच शिकारीने डुकरांच्या संख्येला फारसा फरक पडत नाही, पण भेकर आणि खवले मांजर त्या रानातून संपू शकतात. बंदूकधारी निदान पाहून नेम धरतो. तारेच्या फासाला पुढे कोण येते ते कळत नाही.

बिबट्या डुकरांच्याच वाटेने चालतो. कर्नाटकात २००९ ते २०२० या काळातल्या नोंदी संजय गुब्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या, तेव्हा शंभरावर बिबटे तारेच्या फासात अडकल्याचे आणि त्यातले निम्म्याहून अधिक मेल्याचे आढळले. बहुतेक घटना संरक्षित क्षेत्राच्या बाहेर, शेतांच्या बाजूला घडल्या होत्या. फासात जखमी झालेला बिबट्या गावाजवळ असणे माणसांसाठीही धोक्याचे. कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह आणि आमिषात दडवलेले गावठी बॉम्ब तर गुरे, कुत्री आणि माणसे यांतही भेद करत नाहीत.

शिवाय रानातले मांस आधी वाघ-बिबट्याचे अन्न असते. एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरे लागतात. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाला, पण तिथे वाघ टिकायचा तर आधी सांबर, भेकर, डुक्कर, गवा टिकायला हवेत.

पोटात काय जाते?

आता ‘ताकदी’कडे वळू. रानातल्या मांसात उत्तम प्रथिने, शरीरात सहज शोषले जाणारे लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व असते, हे खरेच. गरिबाच्या ताटात त्याला किती मोल असू शकते, हे ईशान्य मादागास्करमधल्या एका अभ्यासाने दाखवले. ख्रिस्तोफर गोल्डन आणि सहकाऱ्यांनी बारा वर्षांखालच्या ७७ मुलांच्या आहाराची आणि हिमोग्लोबिनची वर्षभर नोंद ठेवली. रानातले मांस पूर्ण बंद झाले आणि त्याची जागा दुसऱ्या कशानेच घेतली नाही, तर रक्तक्षय असलेल्या मुलांची संख्या २९ टक्क्यांनी वाढेल, सर्वांत गरीब घरांत तर तिप्पट होईल, असा त्यांचा २०११ मधला निष्कर्ष होता. आपल्याकडची स्थिती आधीच चिंतेची आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची जवळपास ६९ टक्के मुले आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत.

पण हेच घटक कोंबडी, बकरी, मासे यांतही आहेत. रानडुकरात अशी कोणतीही खास शक्ती नाही जी पाळीव जनावरात नसते. घोरपडीच्या तेलाने सांधेदुखी जाते, याला शास्त्रीय आधार नाही. खवले मांजराचे खवले केराटिनचे असतात. आपली नखे आणि केसही त्याचेच. ‘हत्ता जोडी’ नावाने मुळी म्हणून विकली जाणारी वस्तू प्रत्यक्षात नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते.

आणि धोके खरे आहेत. परवानाधारक कत्तलखान्यात पशुवैद्य जनावर तपासतो, रानातल्या मांसाला अशी तपासणी नसते. डुकराच्या स्नायूंत ट्रायकिनेला नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात. त्या पोटात गेल्या तर जुलाब, ताप, डोळ्यांभोवती सूज आणि तीव्र अंगदुखी होते. मांस आतपर्यंत नीट शिजले तर अळ्या मरतात. खारवून, धुरावर सुकवून त्या मरतीलच असे नाही. म्हणजे घरी मंद आचेवर तासभर रटरटलेल्या रश्श्यापेक्षा फार्महाउसच्या निखाऱ्यावर वरून करपलेला आणि आतून कच्चा तुकडा जास्त धोक्याचा. जपानमध्ये रानडुकराचे कच्चे यकृत खाल्ल्याने हिपॅटायटिस-ई झाल्याची नोंद २००३ मध्ये झाली. भारतात ही कावीळ मुख्यतः दूषित पाण्यातून पसरते, तरी इशारा घ्यायला हवा.

सर्वांत मोठा धोका ताटाच्या आधीचा आहे. जनावर सोलताना, आतडी काढताना हाताला चीर गेली, रक्त डोळ्यात उडाले, की ब्रुसेलोसिस किंवा लेप्टोस्पायरोसिसच्या जंतूंना वाट मिळते. रश्श्याचा वाटेकरी यातून सुटतो, सोलणारा सुटत नाही. ठासणीच्या बंदुकीचे छर्रे शिशाचे असतील, तर त्यांचे बारीक कण जखमेपासून दूरवर मांसात विखुरतात आणि दातांना लागतही नाहीत. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित मात्रा अशी नसतेच. विष घालून मारलेल्या जनावरात कीटकनाशकाचे अंश राहू शकतात आणि ते शिजवल्याने जातील याची खात्री नसते.

जंगलातल्या विषाणूंचा माग काढणारी देशातली प्रमुख संस्था पुण्यातच आहे. राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर या नावाने सुरू झाली. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातला माकडताप तिने १९५७ मध्ये ओळखला. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागातही त्याचे रुग्ण आढळले. २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने संस्थेने घेतले, त्यांत निपाह विषाणूचा माग सापडला. याचा अर्थ जंगलाला भ्यावे असा नाही. वटवाघळे पकडू नयेत, मेलेल्या माकडाला उघड्या हाताने उचलू नये आणि रानात जाऊन आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे, इतकाच.

मासे असतील, तर फास कमी?

मांस बंद करा, एवढे म्हणून भागत नाही, त्याची जागा कशाने भरणार ते सांगावे लागते. घाना या आफ्रिकी देशातल्या सहा अभयारण्यांतल्या ४१ सस्तन प्राण्यांच्या १९७० ते १९९८ या काळातल्या नोंदी जस्टिन ब्रॅशेअर्स आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. ज्या वर्षी समुद्रातले मासे कमी मिळाले, त्या वर्षी अभयारण्यांतली शिकार वाढली आणि प्राणी घटले. ‘सायन्स’ नियतकालिकात २००४ मध्ये आलेला हा निष्कर्ष साधा आहे. जंगलातले प्राणी वाचवायचे तर बाजारात परवडणारी दुसरी प्रथिने हवीत.

भीमाशंकरच्या पायथ्याशी याला जुळणारे एक काम झाले आहे. घोड नदीवरच्या डिंभे धरणाने आंबेगाव तालुक्यातली आदिवासी गावे बुडवली. पुढे याच विस्थापितांनी ‘शाश्वत’ या संस्थेच्या साथीने जलाशयात मासेमारीसाठी सहकारी संस्था उभी केली. उतारावर बांध घालून भातखाचरे तयार करण्याच्या ‘पडकई’ या जुन्या पद्धतीलाही याच कामातून बळ मिळाले. या कामाचा हेतू शिकार थांबवणे नव्हता, पोट भरणे हा होता. पण मासे घरात येऊ लागले, त्यातून रोकडही मिळाली, तर फास लावण्याचे एक कारण कमी होते. शंभर ग्रॅम माशात सुमारे १८ ते २० ग्रॅम प्रथिने असतात, आणि काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या छोट्या माशांतून कॅल्शियमही मिळते. पहिल्या पावसात वळगणीचे मासे धरणाऱ्या कातकऱ्याला हे नव्याने शिकवायला नको. त्याच्या ओढ्यात पाणी आणि मासे राहतील, एवढे पाहायला हवे.

काही पायऱ्या आधीच बांधलेल्या आहेत. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून आहे, त्यात पुढे मुलांसाठी अंडीही आली. संरक्षित क्षेत्रांलगतच्या गावांसाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनाही त्याच वर्षाची. पिकाभोवतीचे सौर कुंपण अशा योजनेतून मिळू शकते. अंडे अंगणवाडीत वेळेवर पोहोचले, कुंपण पेरणीआधी उभे राहिले आणि भरपाई हळूहळू झालेले नुकसानही मोजू लागली, तर वनरक्षकाच्या काठीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. परवानगीने मारलेल्या रानडुकराचे मांस गावाला द्यावे का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. एका बाजूला अन्न आणि न्याय, दुसऱ्या बाजूला त्याआडून उघडणारा बाजार. ही चर्चा मोकळेपणाने व्हायला हवी, आणि तीत जंगलाकाठच्या माणसाला पहिली खुर्ची हवी.

शहराच्या वाट्याचे काम मात्र आजच करता येते. डोंगरातल्या घराला कदाचित मांसाची गरज असते, फार्महाउसवरच्या पाहुण्याला ती नसते. त्याच्या हौशीमुळे घरापुरता लावलेला एक फास दहा होतात. त्याच्या पैशातला मोठा वाटा मधल्या माणसाकडे जातो आणि खटला अनेकदा तार लावणाऱ्यावर होतो. रस्त्याकडेला किंवा समाजमाध्यमांवर असे मांस विकताना दिसले, तर वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवता येते. आणि रविवारचे निमंत्रण आलेच, तर यजमानाला सांगावे, की येताना डिंभ्याचे मासे आणतो.